गॅसची पाइपलाइन येणार नाही, मग घर कशावर उबदार ठेवायचं?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार,

दोन वर्षांपूर्वी आम्ही वस्तीच्या टोकाला एक जुनं दगडी घर घेतलं. खालचा-वरचा मजला मिळून ९० चौरस मीटर, जाड भिंती, उतरतं छप्पर, त्याखाली माळा आणि जमिनीखाली लहानसं तळघर. गॅसची पाइपलाइन आमच्यापर्यंत आलेली नाही आणि येणारही नाही, असं स्पष्ट कळलं आहे. सध्याचा बॉयलर तेलावर चालतो आणि पंचवीस वर्षांचा आहे. दुरुस्तीवाला म्हणतो, एक हिवाळा काढेल, पुढचं सांगता येत नाही.

वर्षाला साधारण २००० लिटर तेल जातं. गेल्या हिवाळ्यातल्या सगळ्यात वाईट आठवड्यात टाकी ११० लिटरने उतरली होती, ते मी लिहून ठेवलं आहे. तेव्हा बाहेर दिवसरात्र शून्याच्या आसपास होतं आणि घरात कसंबसं १८ अंश. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, सांधे दुखतात, दिवसभर घरीच असतात, म्हणून बॉयलर बंद ठेवता येत नाही. नवरा आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी असतो.

तीन जणांनी तीन सल्ले दिले. एकाने १६ किलोवॅटचा हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून घरात सोडणारं विजेचं यंत्र, सांगितला. दुसरा म्हणतो, लाकडाच्या पेलेटचा, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या कांड्यांचा बॉयलर घ्या, साठा तळघरात बसेल. दीर म्हणतात, एलपीजीची टाकी बसवून मोकळे व्हा. हिवाळ्यात आमच्याकडे दोन-तीनदा वीज जाते, एकदा तर सात तास आली नव्हती, म्हणून हीट पंपाची धास्ती वाटते. दगडी घरात तो चालतच नाही, असंही ऐकलं. पेलेटची मोठी गाडी आमच्या बोळात शिरत नाही. बैठकीच्या खोलीत लाकडाची जुनी लोखंडी शेगडी आहे. ती काढून टाका, असं सगळेच सांगतात, पण सासूबाईंचा जीव तिच्यात अडकलाय. काय करावं?

— एक वाचक

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात सगळ्यात मोलाचं वाक्य कुठलं असेल, तर ते टाकी ११० लिटरने उतरल्याचं. हा आकडा तुम्ही लिहून ठेवला नसता, तर माझं उत्तर ‘अमुक चांगलं, तमुक वाईट’ इतकंच राहिलं असतं. आता मात्र आपल्याला हिशेब करता येतो. आणि या प्रश्नात हिशेब आधी, यंत्र मागून. तुम्हाला सल्ला देणाऱ्या तिघांनीही यंत्राची नावं सांगितली. तुमच्या घरातून उष्णता किती वेगाने बाहेर पडते, हे मात्र एकानेही विचारलेलं दिसत नाही. ते कळल्याशिवाय १६ किलोवॅट हा आकडा आला कुठून?

चला, आपणच काढू. एक लिटर तेल जळलं की साधारण १० युनिट उष्णता निघते. युनिट म्हणजे विजेच्या बिलावरचं तेच युनिट, एक किलोवॅट-तास. ११० लिटरची ११०० युनिटं झाली. पंचवीस वर्षांचा बॉयलर यातली पाव उष्णता तरी धुराड्यातून बाहेर फेकत असणार, म्हणजे घराला मिळाली सुमारे ८२५. त्यातली पन्नास-साठ आंघोळीच्या आणि भांड्यांच्या गरम पाण्याला गेली असं धरू. उरली ७७०. आठवड्याचे तास १६८. भागाकार केला की सरासरी ४.६ किलोवॅट येतात. बाहेर शून्य आणि आत १८, एवढा फरक टिकवायला तुमच्या घराला इतकीच उष्णता लागली. म्हणजे आत-बाहेरच्या तापमानातल्या प्रत्येक अंशामागे साधारण पाव किलोवॅट.

आता यापेक्षा कडक थंडी धरा. बाहेर उणे ६ आणि आत २० अंश हवेत, म्हणजे फरक २६ चा. उत्तर येतं साडेसहा किलोवॅटच्या जरा वर. दुसऱ्या बाजूनेही पडताळून पाहिलं. वर्षाच्या २००० लिटरमधून घराला मिळालेली उष्णता साधारण १५,००० युनिटं. थंड हवेच्या ठिकाणी यंत्र वर्षात साधारण २००० तास पूर्ण जोराने चालल्यासारखं धरतात, म्हणून २००० ने भागतात. साडेसात येतात, आणि त्यात गरम पाणीही आलं. दोन्ही वाटांनी आपण एकाच ठिकाणी पोचलो. सोळा किलोवॅटच्या जवळपासही नाही.

मोठं यंत्र घेतलं तर बिघडतं काय, असं वाटेल. तेलाच्या बॉयलरचं फारसं बिघडत नाही, म्हणून तर बसवणाऱ्यांना दुप्पट मोठं यंत्र सांगायची सवय जडलेली असते. हीट पंपाचं मात्र बिघडतं. तो मंद आणि अखंड चालला तरच काटकसरीने चालतो. बाहेर नऊ-दहा अंश असले की तुमच्या घराला जेमतेम अडीच-तीन किलोवॅट लागतील, आणि हिवाळ्याचे बहुतेक दिवस असेच असतात. १६ किलोवॅटचं यंत्र सहसा इतकं खाली येऊच शकत नाही. ते सुरू होतं, पाच-सात मिनिटांत पाणी तापवून बंद पडतं, पुन्हा सुरू होतं. वीज जास्त खातं, कॉम्प्रेसर लवकर झिजतो आणि खोल्या कधी उकडतात, कधी गारठतात. मग लोक म्हणतात, ‘दगडी घरात हीट पंप चालत नाही.’ तुम्ही जे ऐकलंत, त्यातला बराचसा भाग मला इथून आलेला वाटतो.

यंत्र निवडण्याआधी दोन कामं करा. दोन्ही याच हिवाळ्यात होतील. बॉयलरचा हा शेवटचा हिवाळा तुम्हाला संकट वाटत असेल, मला तो मोठा आधार वाटतो. ऐन थंडीत बॉयलर बंद पडला की माणूस पहिल्या येणाऱ्याकडून मिळेल ते बसवून घेतो आणि पुढची पंधरा-वीस वर्षं त्याची किंमत मोजतो. तुमच्या हातात अजून काही महिने आहेत.

पहिलं काम माळ्याचं. तिथे जाऊन इन्सुलेशनची, म्हणजे ऊब अडवणाऱ्या थराची जाडी पट्टीने मोजा. जुन्या घरात बहुधा बोटभर, फार तर चार-पाच सेंटिमीटर सापडते. ती २७ ते ३० सेंटिमीटर केली, तर छतातून जाणारी उष्णता चार-पाच पटींनी कमी होते. तुमच्या घराच्या आकारावरून माझा अंदाज, एकूण गळतीतला दहावा हिस्सा एवढ्यानेच वाचेल. तेवढाच दुसरा हिस्सा फटींतून जातो: माळ्याचं झाकण, दारांच्या खालच्या सांधी, खिडक्यांच्या चौकटी, भिंतीतून पाइप जातात तिथली भोकं. वारा असेल त्या दिवशी ओला हात फिरवत घरभर हिंडा, फट आपोआप सापडते. ही दोन कामं नीट झाली, तर साडेसहा किलोवॅटची गरज सव्वापाचच्या आसपास येईल. पुढे घ्याल ते यंत्र एक माप लहान, बिल कायमचं कमी. उष्णतेच्या साधनावर खर्च केलेला पैसा यंत्राबरोबर जुना होतो, माळ्यावर अंथरलेला होत नाही.

दगडी भिंतींना मात्र घाईने हात लावू नका. जुनी दगडी भिंत ओल शोषते आणि सोडते. तिला आतून हवाबंद फोम चिकटवला की ओल मागे अडकते, मग बुरशी येते, तुळयांची टोकं कुजतात. भिंतींचं काम करायचंच असेल, तर चुन्याचा गिलावा, लाकडी तंतूंचे बोर्ड अशा ओल जाऊ देणाऱ्या साहित्यात आणि जाणत्या माणसाकडूनच. फटी बुजवतानाही हवा येण्या-जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेल्या जाळ्या बुजवू नका. शेगडी असलेल्या खोलीत तर अजिबात नाही, कारण खाली येतंच आहे.

दुसरं काम मला फार महत्त्वाचं वाटतं आणि त्याला खर्च शून्य आहे. चांगली कडक थंडी पडली की बॉयलरमधून रेडिएटरकडे, म्हणजे खोल्यांमधल्या गरम पाण्याने तापणाऱ्या पत्र्यांकडे, जाणाऱ्या पाण्याचं तापमान कमी करा. आज ते ७० अंशांच्या आसपास असेल. ते ५० वर आणा आणि दोन-तीन दिवस, रात्रीही, अखंड चालू ठेवा. प्रत्येक खोलीत साधा तापमापक ठेवून सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहा. (जुन्या बॉयलरमध्ये थंड पाणी परत येत राहिलं की आत दव धरून गंज चढतो, म्हणून हा प्रयोग थोडे दिवसच. नंतर पूर्ववत करा. आणि सासूबाईंच्या खोलीत त्या दिवसांपुरता एक विजेचा हीटर हाताशी ठेवा.)

यातून काय कळतं? हीट पंप जितकं कोमट पाणी देईल तितका तो स्वस्त पडतो. ३५ अंशांच्या पाण्याला एका युनिट विजेत वर्षभराच्या सरासरीने चार युनिटं उष्णता मिळू शकते, ४५ ला सव्वातीनच्या आसपास, ५५ ला पावणेतीन. त्यामुळे ५० अंशांच्या पाण्यावर ज्या खोल्या गरम राहिल्या, तिथले रेडिएटर जसेच्या तसे चालतील. ज्या गार पडल्या, तेवढ्याच बदलायचे. ७० अंशांच्या आसपासच्या पाण्यासाठी मापलेला रेडिएटर ४५ अंशांवर साधारण चाळीस टक्केच उष्णता देतो, म्हणून तिथे दुप्पट-अडीचपट मोठा लागतो. पण जुन्या घरांत रेडिएटर बहुतेकदा गरजेपेक्षा मोठेच बसवलेले असतात, त्यामुळे दोन-तीन बदलून भागतं असा अनुभव आहे. सगळे काढून जमिनीखाली पाइप टाका, असं कुणी म्हणालं तर तुमची वही त्याच्यापुढे ठेवा.

आता एकेक पर्याय.

इंधनांची तुलना करताना लिटर, किलो आणि युनिट यांची सरमिसळ होते आणि तिथेच फसगत होते. सगळं ‘घराला मिळालेल्या एका युनिट उष्णतेला किती पडले’ यावर आणा. नव्या चांगल्या बॉयलरमध्ये एक लिटर तेल घराला ९ युनिटं देतं. एक लिटर एलपीजी सव्वासहा, आणि किलोने घेत असाल तर किलोमागे साडेअकरा. एक किलो पेलेट ४. नीट वाळलेलं लाकूड चांगल्या शेगडीत किलोला पावणेतीन. साध्या विजेच्या हीटरमध्ये एका युनिटचं एकच युनिट, मग त्याला कुठलंही आकर्षक नाव द्या. तुमच्या घरात माफक पाण्यावर चालणारा हीट पंप एका युनिटमागे तीन. तुमच्याकडचे भाव घ्या आणि या आकड्यांनी भागा. पाच मिनिटांत जे चित्र उभं राहील, ते विक्रेत्याच्या रंगीत पत्रकापेक्षा खरं असेल.

नवा तेलाचाच बॉयलर हा सगळ्यात कमी उलथापालथीचा मार्ग आहे. टाकी आहे, पाइप आहेत, दोन दिवसांत काम होईल. तरी मी तो सुचवणार नाही. २००० लिटर तेल म्हणजे वर्षाला सुमारे पाच टन कार्बन डायऑक्साइड. शिवाय अनेक देश घरगुती तेलाचे बॉयलर नियमांनी मागे सारत आहेत. आज बसवलेला बॉयलर वीस वर्षं टिकेल, पण त्याला लागणारं तेल, सुटे भाग आणि दुरुस्त करणारी माणसं तेवढी वर्षं आजच्यासारखी मिळतील, याची खात्री कोण देणार?

दिरांचं म्हणणंही मी टाकून देत नाही. एलपीजी तेलापेक्षा स्वच्छ जळतो, बॉयलर लहान असतो, आताचे रेडिएटर तसेच चालतात. थंडीत चालवायचा तर प्रोपेनच हवा. ब्यूटेन शून्याच्या आसपास वाफ होणं थांबवतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत वाफ होत राहतो. पण तुमच्या घराला तळघर आहे, आणि इथे मी सावध होतो. प्रोपेनची वाफ हवेच्या दीडपट जड असते. गळती झाली तर ती वर उडून जात नाही, जमिनीलगत वाहत जाऊन खोलगट जागी साचते. त्यामुळे बॉयलर तळघरात नको आणि टाकी तळघराच्या झरोक्यांपासून लांब हवी. दुसरं म्हणजे टाकी पुष्कळदा गॅस पुरवणाऱ्याच्याच मालकीची असते आणि करारामुळे वर्षानुवर्षं गॅस त्याच्याकडूनच घ्यावा लागतो. करार नीट वाचल्याशिवाय सही नको. इंधनाच्या भावांची चिंता तेलावरून गॅसवर गेली, एवढाच फरक पडेल.

पेलेटबद्दल मला मनापासून आदर आहे. लाकूडकामातला भुसा दाबून केलेल्या या कांड्या एकसारख्या जळतात, ओलावा दहा टक्क्यांच्या आत असतो आणि गरम पाणी हवं तितकं कडक मिळतं. रस्ता चांगला असता आणि घरात दोन धडधाकट माणसं असती, तर मी कदाचित वेगळं लिहिलं असतं. तुमचा हिशेब मात्र असा होतो: माळ्याचं काम झाल्यावरही वर्षाला तीन टन पेलेट. गाडी बोळात शिरत नाही, म्हणजे १५ किलोची दोनशे पोती. ती बोळातून आणायची, तळघरात उतरवायची, यंत्रात ओतायची, राख काढायची, आणि आठवड्यातले चार दिवस हे सगळं तुम्ही एकटीने. ताप आला, कंबर धरली, तरी थंडी थांबत नाही.

शिवाय एक धोका आहे, तो पेलेट विकणाऱ्या प्रत्येकाने सांगायला हवा. बंद जागेत साठवलेले पेलेट न पेटवताही हळूहळू कार्बन मोनॉक्साइड सोडतात. या वायूला वास नाही, रंग नाही. पेलेटच्या बंद कोठारात शिरून माणसं दगावली आहेत. तुमच्यासारख्या लहान तळघरात हवा खेळती ठेवायची सोय केल्याशिवाय तीन टन पेलेट ठेवायचे नाहीत. ‘तळघरात बसेल’ असं सांगणाऱ्याने झरोक्यांविषयी चकार शब्द काढला नसेल, तर त्याच्याकडून बॉयलर घेऊ नका.

विजेचे साधे हीटर आणि रात्रीच्या स्वस्त विजेवर विटा तापवून दिवसा ऊब देणारे साठवण-हीटर, हे दोन्ही लहान आणि घट्ट बांधलेल्या घरांना ठीक आहेत. तुमच्या घराला वर्षाकाठी बारा-साडेबारा हजार युनिटं लागतील. ती सगळी एकास एक विजेने भरून काढायची, हे मला परवडणारं दिसत नाही. पाहुण्यांच्या खोलीला एखादा हीटर असू द्या.

जमिनीतून उष्णता घेणारा पंप सगळ्यात काटकसरी, यात शंका नाही. काही मीटर खाली माती वर्षभर जवळपास एकाच तापमानाला असते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही त्याचा जोर टिकतो. पण त्यासाठी अंगणभर चर खणायचे किंवा शंभर-शंभर मीटरची भोकं पाडायची. पाच-सहा किलोवॅटच्या घरासाठी एवढी खणाखणी वसूल होईल असं मला वाटत नाही, आणि तुमच्या बोळातून खोदाईचं यंत्र जाणार कसं?

राहिला हवेतून उष्णता घेणारा हीट पंप. माझं मत त्याच्या बाजूने आहे, पण १६ किलोवॅटचा नाही. माळा आणि फटी उरकल्यावर सहा-सात किलोवॅटचा. माप पाहताना पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. तो बहुतेकदा बाहेर ७ अंश असतानाचा असतो. बाहेर उणे ६ किंवा ७ आणि पाणी ५० अंशांचं, तेव्हा किती देतो, हे विचारा आणि लेखी घ्या.

थंड हवेतून उष्णता निघते कशी, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. उणे दहा अंशांच्या हवेतही उष्णता असते. त्याहून थंड असलेला द्रव तिच्या सान्निध्यात आणला की तो उष्णता घेऊन उकळतो, त्याची वाफ दाबली की ती तापते आणि ती ऊब आपण घरात सोडतो. फ्रिज हेच काम उलट दिशेने करतो. कल्पना नवी नाही: लॉर्ड केल्विन यांनी ती १८५२ मध्ये मांडली, आणि झ्युरिकच्या नगरभवनाला १९३८ पासून नदीच्या गार पाण्यातून उष्णता घेऊन ऊब मिळत होती. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड इथे थंडी तुमच्यापेक्षा कडक आहे आणि तिथे ही यंत्रं घरोघर आहेत.

त्याला खरा त्रास होतो तो शून्य ते पाच अंशांच्या दमट हवेचा. बाहेरच्या पंख्यामागच्या जाळीवर दव गोठतं आणि ते वितळवायला यंत्र काही मिनिटं उलटं चालतं. तेव्हा वाफेचा लोट उठतो. घाबरू नका, तो धूर नसतो. पण वितळलेलं पाणी खाली ठिबकतं आणि रात्री गोठतं. म्हणून यंत्र सासूबाईंच्या जाण्या-येण्याच्या वाटेला अजिबात नको, खाली खडी भरलेला खड्डा किंवा निचऱ्याची नळी हवी. झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली नको, शेजाऱ्यांच्या तर नकोच. प्रोपेनवर चालणारं यंत्र मिळालं तर मी ते आधी बघेन, कारण ते गरज पडली तर ६५-७० अंशांचं पाणीही देऊ शकतं आणि तो वायू सुटला तरी हवामानाला त्याची झळ जुन्या वायूंच्या मानाने नगण्य. त्यात प्रोपेन थोडासाच असतो, तरीही तो जड आहे, हे विसरायचं नाही: तळघराचा झरोका, गटाराची जाळी, दार-खिडकी यांपासून यंत्रासोबतच्या पुस्तिकेत दिलेलं अंतर पाळायलाच हवं.

गरम पाण्यासाठी सोबत दोनशेएक लिटरची टाकी लागेल, तिची जागा आत्ताच शोधून ठेवा. ते पाणी रोज पन्नास अंशांवर ठेवलं तरी चालतं, पण अधूनमधून, साधारण आठवड्यातून एकदा, ६० पर्यंत नेण्याची सोय यंत्रात असते. ती बंद करू नका. कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि म्हाताऱ्या माणसांच्या फुप्फुसांना ते फार बाधतात.

घरात किती अंश ठेवावेत, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ मधल्या मार्गदर्शक सूचनांत थंडीत घर किमान १८ अंश असावं असं म्हटलं आहे, आणि वृद्धांना त्याहून जास्त लागू शकतं, हेही. गेल्या वर्षीचे ‘कसेबसे १८’ सासूबाईंना कमीच होते. वरचा हिशेब मी म्हणूनच २० अंशांवर केला. हीट पंप घेतल्यावर सकाळ-संध्याकाळ चालू-बंद करायची सवय मोडावी लागेल. तो दिवसभर मंद चालू द्यायचा. दगडी भिंती एकदा तापल्या की ऊब धरून ठेवतात, आणि मग जाड भिंतींचं ते ओझं तुमच्या कामी येतं. घरी दिवसभर माणूस असणाऱ्यांना हे फार मानवतं. रेडिएटर हाताला चटका देणार नाहीत, जेमतेम कोमट लागतील. सासूबाईंना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी त्या म्हणतील, बिघडलंय.

आता वीज जाण्याचं. तुमची धास्ती खरी आहे, पण तिचा रोख एकट्या हीट पंपावर का? तेलाचा बॉयलर, एलपीजीचा बॉयलर, पेलेटचा बॉयलर, सगळ्यांना ठिणगीला, पंख्याला आणि पाणी फिरवणाऱ्या पंपाला वीज लागते. ते सात तास वीज नव्हती, तेव्हा तुमचा आताचा बॉयलरही बंदच असणार. म्हणजे या भीतीचं उत्तर इंधन बदलण्यात नाही. ते तुमच्या बैठकीच्या खोलीत आहे.

ती शेगडी काढू नका. हीट पंप आणि शेगडी या जोडीवर तुमचं घर निर्धास्त राहील. वीज नसतानाही ती एक खोली उबदार ठेवील, आणि वर्षातल्या सगळ्यात कडक चार-पाच रात्री पंपाला हात देईल, त्यामुळे पंप लहान घेता येईल. फक्त तिच्यामागे पाणी तापवणारी टाकी जोडून रेडिएटरला लावायचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. वीज गेल्यावर पाणी फिरायचं थांबतं, जाळ मात्र चालूच राहतो, आणि तिथे पाणी उकळून अपघात होतात. ते सुरक्षित करता येतं, पण तुमच्या घराला त्या भानगडीची गरज नाही.

लाकूड वर्ष-दोन वर्षं छपराखाली, वारा लागेल असं रचून वाळलेलंच हवं. ताज्या ओंडक्याचं निम्मं वजन पाण्याचं असतं. ते जाळलं की बरीच उष्णता पाणी उडवण्यातच जाते आणि धुराड्यात डांबर धरतं, तेच पुढे पेट घेतं. ओलावा वीस टक्क्यांच्या आत आला की नाही, हे सांगणारं लहानसं मीटर मिळतं. ओंडका फोडून त्याच्या आतल्या बाजूला टोचून पाहायचं, वरच्या सालीला नव्हे.

म्हणून या आठवड्यात करायची कामं एवढीच. धुराडं साफ करणाऱ्याला बोलवा, शेगडीच्या दाराची दोरी आणि आतल्या विटा त्याला दाखवा. बैठकीच्या खोलीत आणि सासूबाईंच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, बॅटरीवर चालणारा, म्हणजे वीज नसतानाही तो जागा राहील. आणि माळ्यावर जाताना पट्टी, टॉर्च आणि ती वही घेऊन जा. थंडी सरेपर्यंतचे आकडे मला पाठवलेत, तर कुठल्या खोलीचा रेडिएटर बदलायचा ते आपण मिळून ठरवू.